आपोआप बंद

"सगळे मागे सरा बघू! माणसं अशी घोळका करून उभी राहिली तर कावळा यायचा कसा?"

भटजी ओरडले तसे सगळे मुकाट मागे सरले. सत्यवानही सरला. बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं. बायको सुशीला गेल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. जन्मभर बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलल्या, तेव्हा नुसते हात बधिर व्हायचे. आता तो अख्खाच बधिर झाला होता.

दहाव्याचे पिंड खाडीकाठी केळीच्या पानावर मांडले होते. समोर दगडावर लॅपटॉप, तोंड पिंडांकडे. बोटीवर असलेल्या ओंकारला सगळं दिसावं म्हणून. एकुलता एक मुलगा. आईच्या अग्नीला पोचला नाही. कप्तानाने आज थोडा वेळ इंटरनेट दिलं, हेच नशीब म्हणायचं.

कावळे माडावर बसून खाली बघत होते. उतरायचं मात्र एकही नाव घेईना.

"काकीचो जीव अडाकलो हा," पुतण्या सुदेश म्हणाला.

कशात अडकला, ते वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं? 'बाबाक एकटो टाकू नको रे,' असं ती ओंकारला दर फोनला सांगायची, आणि तो दर वेळी 'बघूया' म्हणायचा. वर सत्यवान ओंकारचीच बाजू घ्यायचा. पण आज ओंकारचा शब्द त्यालाही ऐकायचा होता. खोटं कशाला बोला, सुशीलेपेक्षा त्यालाच जास्त.

सुदेशने हात जोडले. "काकी, काकांचा जेवान माझ्याकडे. काळजी करू नको."

कावळे हलले नाहीत.

"तुझी तुळस मी बघतंय गो," नणंद आनंदीबाई म्हणाली. तरी नाहीच.

"आता मुलाने बोलावं," भटजी म्हणाले.

"बोल रे ओंकार," सुदेशने हाक दिली. "आवशीक काय तो शब्द दी."

लॅपटॉप गप्प.

"रडता हा झील," आनंदीबाईने पदर डोळ्याला लावला. मग सगळेच थांबले. आईसाठी रडणाऱ्याला घाई कोण करणार? ऊन चढलं तेव्हा कुठे सुदेश वळसा घालून समोर गेला, तर पडदा काळाठिक्कर.

ती ओंकारचीच करणी. त्याच्या फोनची वाट बघत दोघं म्हातारी लॅपटॉप चालू ठेवूनच डुलक्या काढायची, म्हणून मागच्या सुट्टीत त्याने त्यात एक चिमुकला प्रोग्रॅम घातला होता. काही वेळ कोणी बोट लावलं नाही, की आपोआप बंद. बंद होण्याआधी पडद्यावर सूचना येते म्हणे. पण पडद्यासमोर पिंडांखेरीज होतं कोण? आणि यंत्राला सोयर ना सुतक!

परत चालू केला, पण बोटीवर फोन काही लागला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात सोय आहे म्हणाले. सगळे घरी आले.

संध्याकाळी ओंकारचा फोन आला.

"बाबा, कावळो शिवलो?"

"शिवलो."

"मी बोललंय ता ऐकूक इला मां? हयसर बोटीर चित्र अडाकलेला. पण मी बोलान घेतलंय. सगळा."

काय बोललंस रे, हे सत्यवानच्या अगदी ओठांवर आलं. पण विचारावं तर कावळा शिवला नाही, हेही सांगावं लागणार. आणि चारी बाजूंनी पाणी असलेल्या पोराच्या जिवाला तो घोर लावायचा?

"इला रे. तुझा बोलणा संपला नि कावळो उतारलोच."

पलीकडे ओंकार हमसून हमसून रडला. सत्यवानने त्याला रडू दिलं. स्वतःला रडू यावं असं त्यालाही फार वाटलं, पण येईना.

"म्हणजे आवशीक पटला," ओंकार नाक ओढत म्हणाला.

"पटला."

"आणि बाबा, तुमका? तुमका चलात मां तसा?"

सत्यवानने मान डोलावली. मग फोनवर मान दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "चलात."