साठ कोटांचे कपाट

मी एक जुने लाकडी कपाट आहे. मित्रांनो, माझ्या फळीला कान लावलात तर तुम्हाला काही ऐकू येईल की नाही, ते मला सांगता येत नाही. मला मात्र येते. म्हणूनच ही हकीकत सांगायची मी इतकी वर्षे टाळली.

मला एका सुताराने घडवले. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. थोरल्या भावाचे लग्न ठरले तेव्हा आहेर करायला त्याच्या हातात काही नव्हते. मग दिवसभर लोकांची दारे-खिडक्या करून झाली की तो माझ्याकडे वळायचा. दीड महिना त्याने मला रंधा मारला, बिजागऱ्या बसवल्या, तेल पाजले. चौघांच्या खांद्यांवरून मी जिना चढलो तेव्हा तो नव्या नवरीला म्हणाला, "वहिनी, दादा रुसला तर यात कोंडून ठेवा. हवा यायला वर फट ठेवली आहे."

दादा सगळ्यांत मोठ्याने हसले. तो त्यांना जी हाक मारी तीच मीही धरली, दादा आणि वहिनी.

दादांचे खाली गरम कपड्यांचे दुकान होते. माणूस चांगला होता, हे मी मुद्दाम सांगतो. रविवारी प्रार्थनामंदिरात गाताना त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई. थंडी सुरू झाली की चार-पाच कोट ते दुकानातून उचलत आणि रस्त्यावर दिसेल त्याच्या अंगावर घालत. वहिनी म्हणत, "अहो, एखादा गिऱ्हाइकालाही विका." आणि दोघे हसत. तेव्हा माझ्यात वहिनींचे कपडे असत, दादांचे दोन सदरे आणि एक छत्री.

मग एका वर्षी थंडी लांबली. दुकानात दहा कोट उरले होते, ते दुप्पट भावाने गेले. त्यात काही वाईट नव्हते. पण त्या दिवसापासून दादा थांबायला शिकले. उन्हाळ्यात स्वस्त मिळतील तेवढे कोट घ्यायचे आणि कडाका पडेपर्यंत दाबून ठेवायचे. दुकानात ठेवले तर लोकांना दिसतात, म्हणून ते वर माझ्यात आले. छत्री गेली, सदरे गेले. वहिनींचे कपडे एका ट्रंकेत गेले. माझ्यात साठ कोट कोंबले गेले आणि मला कुलूप लागले.

पाहुणे माझी तारीफ करीत. "काय भक्कम काम आहे," म्हणून दारावर टकटक करीत. ती टकटक झाली की दादांच्या चेहऱ्यावरचे हसू जाई.

पूर्वी वहिनी महिन्यातून एकदा माझ्यातले सगळे काढून उन्हात घालत. दादांनी तेही बंद केले. म्हणाले, "दिसलं की मागायला येतात." तेव्हापासून माझ्यात ऊन आले नाही.

ज्या वर्षी गावातला कारखाना बंद पडला, त्या वर्षी थंडी अशी पडली की नळातले पाणी गोठे. एका दुपारी पाळकसाहेब वर आले. म्हातारे होते, जिना चढून दमले आणि टेकायला त्यांनी हात माझ्या दारावर ठेवला.

"सत्तर घरांत मिळकत नाही," ते म्हणाले. "पोरं अंथरुणातून बाहेर येत नाहीत. तुमच्याकडे काही निघेल का?"

दादा म्हणाले, "पाळकसाहेब, धन साठवणं पाप आहे का?"

"धन वाईट, असं प्रभूनं सांगितलं नाही. पण ते हळूहळू मालक होऊन बसतं, हे सांगितलं. आणि दोन मालकांची चाकरी एका माणसाला जमत नाही."

दादांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता कुलूप निघेल.

"सगळे विकून संपले," ते म्हणाले. "माझ्या अंगावरचा तेवढा आहे."

पाळकसाहेबांनी मान हलवली. माझ्या दारावरचा हात न काढताच त्यांनी डोळे मिटून या घरासाठी प्रार्थना केली. त्यांच्या तळव्यात आणि साठ कोटांत एका फळीचे अंतर होते. दादा 'आमेन' म्हणाले. म्हणताना त्यांचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला. त्या एकाच दोऱ्यात क्रूसही होता आणि माझी किल्लीही.

धाकट्याला तेव्हा खोकला झाला होता. त्याच्या कामाच्या खोलीला धड दार नव्हते. सुताराच्याच खोलीला दार नाही, असे तो स्वतःच हसून सांगे. त्याने कोणाकडे काही मागितले नाही. वहिनींनीच एका सकाळी, दादा अंघोळीला गेले असताना, खुंटीवरचा दोरा काढला, मला उघडले आणि करड्या रंगाचा एक कोट पदराखाली घेऊन गेल्या.

दादांना तीन दिवसांनी कळले. ते रोज माझ्यात हात घालून बाह्या चाचपत, त्यात एक जागा सैल लागली. ते तसेच बाहेर पडले आणि तासाभरात कोट घेऊन परतले.

वहिनी दारात उभ्या होत्या. "त्याच्या अंगातून काढून आणलात?"

"मी नाही काढला. म्हटलं, तो विकलेला आहे, गिऱ्हाईक यायचंय. त्यानंच काढून दिला. घडी घालून दिला."

"काही म्हणाला?"

"म्हणाला, दादा, मला ठाऊक नव्हतं." दादा खाली बघत होते. "भाव उतरला की त्यालाच देणार होतो मी. थंडी संपली की."

"थंडी संपल्यावर कोट," वहिनी म्हणाल्या. "वरातीमागून घोडं."

त्यानंतर त्या फार बोलल्या नाहीत, त्या दिवशीही आणि पुढेही.

कोट माझ्यात परत टांगला गेला. त्याला घामाचा वास होता आणि खिशात लाकडाचा भुसा होता. ज्याच्या हातांनी मला घडवले, त्याच्या अंगाची ऊब रात्र होईपर्यंत माझ्यात होती. मग ती गेली. मला कुलूप होते, मित्रांनो. मी काहीच करू शकत नव्हतो.

अकराव्या दिवशी धाकटा गेला. दादा त्याच्या मातीला माझ्यातलाच एक कोट घालून गेले आणि आल्यावर झटकून परत टांगला.

पुढच्या रविवारी सगळे उपासनेला गेले होते. दादा मागे राहिले होते. भर दुपार होती, खिडकीतून लख्ख उजेड येत होता. आणि माझ्या आत कोणीतरी खोकले.

लाकूड कडकते, हे मला ठाऊक आहे. तो कडकण्याचा आवाज नव्हता. दादांनी दार उघडले, कोट बाजूला सारले, परत लावले. पुन्हा खोकला आला. त्यांनी वरच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मग खुर्ची आणून ते माझ्यासमोर बसले आणि दिवस मावळेपर्यंत उठले नाहीत.

तेव्हापासून त्यांनी प्रार्थनामंदिर सोडले. कोटही विकेनात. गिऱ्हाईक दुप्पट द्यायला आले तरी म्हणत, "अजून थोडं थांबू." खरे तर मला उघडण्याची त्यांना भीती वाटू लागली होती. आधी ते कोट राखत होते, आता कोटांनी त्यांना बांधून ठेवले होते. आणि माझ्या काळोखात दुसराच एक बारीक आवाज सुरू झाला होता, सतत काहीतरी कुरतडल्याचा. तो फक्त मला ऐकू येत होता.

वर्ष गेले. थंडीच्या तोंडावर धाकट्याची बायको जिना चढून आली. ती काही मागायला आली नव्हती. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला रंधा होता.

"दादा, अवजारं विकली. हा तेवढा ठेवलाय. आजारपणात म्हणाले होते, कपाट यानंच केलं, हा दादाला दे."

दादांनी रंधा हातात घेतला आणि बसकण मारली. बराच वेळ ते नुसते त्यावर हात फिरवत होते. मग उठले, दोरा ओढून तोडला आणि मला सताड उघडले.

"घेऊन जा," ते म्हणाले. "सगळे घे. घरोघर वाट. करडा आधी घे, तो त्याचा आहे."

त्यांनी करड्याची बाही धरली. बाही हातात आली. खांद्यापासून खालपर्यंत जाळी झाली होती. घामाच्या वासाने कापड खाणारी कसर आधी त्याच कोटाला लागली होती आणि तिथून सगळ्यांत पसरली होती. दादा एकेक कोट ओढत गेले आणि एकेकाचा भुगा जमिनीवर पडत गेला. बारीक किडे खोलीभर उडू लागले.

"मला द्यायचे होते," दादा म्हणत राहिले. "मला खरंच द्यायचे होते."

शेवटी धाकट्याची बायको खाली बसली. तिने एक कोट मांडीवर घेतला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "जाऊबाई, कात्री आणा. बटणं चांगली आहेत. पाठीचं कापडही कुठंकुठं धड आहे."

ती तिघे संध्याकाळपर्यंत कापत बसली. उन्हात घालून, उकळून, जोडून त्या कापडाच्या लहान मुलांच्या बावीस बंड्या झाल्या. साठ कोटांतून बावीस बंड्या. दादांनी त्या स्वतः कारखान्याच्या वस्तीत नेऊन दिल्या. दोन घरांत त्यांना उशीर झाला होता, ज्यांच्यासाठी बंडी नेली ती मुले राहिली नव्हती. तिथे ते बंडी परत घेऊन आले नाहीत, उंबऱ्यावर ठेवून आले.

पुढे त्यांनी माझी दारे उतरवली आणि मला प्रार्थनामंदिराच्या ओसरीत आणून ठेवले. ज्याच्याकडे जास्त असेल त्याने ठेवावे, ज्याला हवे त्याने न विचारता न्यावे. देवाने त्यांना क्षमा केली, असे पाळकसाहेब सांगत. दादा मान डोलवत आणि दर रविवारी मागच्या बाकावर बसत. पण त्यांनी पुन्हा कधी गाणे म्हटले नाही.

आता ते नाहीत. माझ्या पायांना वाळवी लागली आहे, एक फळी वाकली आहे. त्याची मला खंत नाही. माझी काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. आज घरी गेलात की तुमचे कपाट उघडा. गेल्या वर्षी जे एकदाही अंगावर चढले नाही, ते बाहेर काढा आणि ज्याला हवे त्याच्या दारी स्वतः घेऊन जा. मित्रांनो, हवा बदलली आहे. सकाळी ओसरीवरून जाणारी माणसे हात काखेत घालून चालू लागली आहेत.