माशाचा कॅन

वच्छलाबाईंच्या वर्षश्राद्धासाठी त्यांची थोरली लेक जयमाला मोताळ्याहून आली, आणि दारात चपला काढते न काढते तोच पाण्याची गाडी येऊन थांबली. गाडीवाल्यानं दोन कॅन ओट्यावर ठेवले, तिसरा खांद्यावर घेतला आणि रोजच्या सवयीनं विचारलं, "माशाचा कॅन आत ठेवू का?" जयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आज आईचं श्राद्ध होतं, म्हणून ती सरळ आत गेली.

संग्रामपूरच्या या अंगाला बोअरचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चार घरं ओलांडली की किडनी गेलेला एखादा माणूस भेटतो. वच्छलाबाईही किडनीनंच गेल्या. आणि त्याच घरात, पुढच्या खोलीत, कृषी केंद्र चालवणाऱ्या गजेंद्रनं, जयमालाच्या धाकट्या भावानं, काचेच्या पेटीत समुद्र करून ठेवला होता. त्यात कोरल ब्युटी नावाचा एकच मासा. एंजल माशांतली ही बुटकी जात, जांभळं अंग, नारिंगी पोट, लांबीला जेमतेम चार बोटं. जयमालाला तो कधी आवडला नाही. सोबतीला दुसरा मासा सोडला की हा त्याला कोपऱ्यात कोंडून जीव घ्यायचा. काचेत स्वतःचं रूप दिसलं तरी त्याच्यावर धावून जायचा. मालकाचा गुण उचललाय, असं ती नवऱ्याजवळ म्हणायची.

पंगत उठली. गजेंद्रचे दुकानावरचे दोस्त सुपारी चघळत पेटीपुढे बसले आणि गजेंद्रला चेव आला. मुंबईहून मागवलेलं मीठ कसं कालवायचं, मासा दिवसभर टोचतो ते शेवाळाचे दगड कुठले, उन्हाळ्यात पाणी गार कसं ठेवायचं, सगळं सांगून झालं. घरात आईचा फोटो ताज्या हारात होता आणि हा माशाचं कौतुक सांगत बसला होता, याची जयमालाला चीड आली. तेवढ्यात राजकुमार नावाच्या दोस्तानं विचारलं, की मासा खाऱ्या पाण्यातला आहे, आपलं बोअरही खारंच, मग विकतचं पाणी कशाला?

गजेंद्र हसला. "अबे, वाफ होऊन पाणी उडते, मीठ मांगंच राह्यते. म्हणून रोज वरून गोडंच पाणी टाका लागते. अन् आपल्या बोअरात काय निस्तं मीठ हाय? म्या मासा आणला त्याच दिवशी पाण्यातले क्षार मोजाचं मशीन लावून पाह्यलं. ते पाणी टाकलं तं आठ दिवसात मरते मासा."

जयमाला दारात उष्टे पेले गोळा करत होती. मासा आला तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. आईचं दुखणं निघालं त्याच्या पुढच्या दिवाळीला. घरच्यांसाठी कॅन सुरू झाला तो डॉक्टर ओरडल्यावर. तिनं पेले खाली ठेवले.

"गजेंद्र, मशीन लावलं तवा घरात प्यायले कोणतं पाणी होतं?"

"ताई, लोकाइसमोर काऊन काढून राह्यली? बोअरचंच होतं. सारं गावच पीत होतं. आपल्या बापजाद्याइनं तेच पेलं."

"बापजाद्याइपाशी मशीन नोतं."

राजकुमार चपला शोधू लागला. बाकीचेही एकेक करून उठले. खोली रिकामी झाली तसा गजेंद्र उसळला. मोताळ्याहून वर्षातून दोनदा यायचं आणि शहाणपण शिकवायचं सोपं असतं, अकोल्याच्या दवाखान्यात आईला उचलून कोण नेत होतं, असं त्यानं तोंडावर विचारलं. त्यात काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जयमालाचं डोकं जास्त फिरलं. तिनं मोरीतली बोअरच्या पाण्याची बादली उचलली आणि सरळ पेटीकडे निघाली.

भावजय मंजुश्रीनं तिचा हात धरला. "ताई, त्या मुक्या जनावरावर नका काढू. त्याले पाणी आईच टाकत होत्या. हे दुकानात, मी शाळेत. दुखण्यातही त्याइनं एक दिवस चुकवला नाही."

हे जयमालाला ठाऊक नव्हतं. बादली तिनं खाली ठेवली. तिनं भावाकडे पाहिलं, तर तो आता पेटीकडेही बघत नव्हता आणि तिच्याकडेही नाही.

"कोणतं पाणी टाकायचं, हे आईले तूच सांगतलं?"

"हाव."

"काय सांगतलं?"

"कॅनातलंच टाकत जाय म्हणलं. बोअरचं टाकू नको, मासा मरून जाईन."

"मंग आई काय म्हणली?"

गजेंद्र भिंतीला टेकून खाली बसला.

"बरं म्हणली," तो म्हणाला. "अन् एक डाव इचारलं, का बापा, ह्या कॅनातलं मी पेलाभर घेतलं तं चालते का."

"तू काय म्हणला?"

"म्हणलं, मोजून येते आई. माशालेच पुरत नाही."