चौदावी डिस्क

चार नंबर वॉर्डातला संगणक सुरू झाला, तसा खटपट्या मेकॅनिक गुडघे चोळत टेबलाखालून बाहेर आला.

"बघा सिस्टर, म्हातारा कसा पळायला लागला."

इस्पितळाला नवे संगणक परवडत नव्हते. म्हणून त्याने चौदा जुनाट यंत्रांच्या डिस्क काढून ती सगळी अधीक्षकांच्या खोलीतल्या एका सर्व्हरला जोडली होती. आता माहिती सगळी तिथे. वॉर्डात नुसता पडदा आणि कीबोर्ड. वीस वर्षं किरकोळ दुरुस्त्यांत घालवलेल्या माणसाला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं.

सिस्टर मात्र पडद्याकडेच बघत होत्या. "दादा, मार्चच्या नोंदी कुठायत?"

"असतील की. सकाळी मीच सर्व्हरवर उतरवल्यात."

"नाहीत. ऑक्सिजनचा दाब उतरला तेव्हा मी वर अधीक्षकांना पाच वेळा फोन केला होता. वेळेसकट लिहिलं होतं. सहा माणसं गेली, दादा. सोमवारी चौकशी आहे."

खटपट्याने हातातली वायर तिथेच टाकली. तो वर अधीक्षकांच्या खोलीत धावला. सर्व्हरचा पासवर्ड बदललेला होता.

"तुमचं काम वायरींचं," अधीक्षक शांतपणे म्हणाले. "काढलेल्या डिस्क दुपारी माझ्यासमोर फोडायच्या."

खाली येऊन त्याने गोणीतून चार नंबरची डिस्क काढली. मूळ नोंदी तिच्यावर होत्या. "सांभाळा," एवढंच म्हणून त्याने ती सिस्टरांच्या हातात ठेवली.

दुपारी मागच्या आवारात हातोडा चालला. अधीक्षक उभ्याने मोजत होते.

"तेरा."

"एक आधीच जळाली होती साहेब. टाकून दिली." खटपट्या तुकडे गोळा करू लागला.

अधीक्षकांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांनी फाटकावर फोन लावला.

खटपट्या घरी निघाला, तेव्हा फाटकावरच्या चौकीत रखवालदाराने त्याची पिशवी उपडी केली. पेचकस, पक्कड, वायरीचे तुकडे. काही निघालं नाही, तरी त्याला सोडलं नाही. "बसा. आज सगळ्यांचीच झडती आहे."

ड्यूटी संपवून सिस्टर आल्या. खटपट्याला त्यांच्याकडे बघवेना. कोणी मागायच्या आत त्यांनी पर्स उघडली, डिस्क टेबलावर ठेवली. तिच्यावरचा हात मात्र काढला नाही.

"ही मी चौकशीत देणार आहे. तुमच्या वहीत लिहा, माझ्या नावानं."

रखवालदाराचा पेन तसाच राहिला. "बाई, मला घरदार आहे."

खटपट्या उठला. या इमारतीत आपलं पाऊल पुन्हा पडणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याने वही ओढून तारीख टाकली, डिस्कचा नंबर लिहिला, 'देणारा' म्हणून खाली स्वतःची सही केली आणि वही सिस्टरांपुढे सरकवली.

त्या 'घेणारी' म्हणून सही करत होत्या, तेवढ्यात चौकीतला फोन वाजू लागला.