दूध गाळणारा पायजमा

मी एका जुन्या पायजम्याचा डावा पाय आहे. मित्रांनो, हसू नका. आजोबांचा गुडघा माझ्यातून बाहेर डोकावू लागला, तेव्हा आजीने मला कापलं आणि दूध गाळायला घेतलं. एवढी बढती आमच्या घराण्यात कोणालाच मिळाली नव्हती.

आजी माझ्याच एका कोपऱ्याने गायीची कास पुसायची, मग माझ्यातूनच दूध गाळायची. नंतर थंड पाण्यात एक बुडी. कॅनचं झाकण ढिलं होतं, म्हणून मला ओलाच झाकणाखाली कोंबायची. कॅन डेअरीत पोचवायचं काम सुनेचं. भर उन्हात मी दुधाच्या डोक्यावर बसून जायचो, एखाद्या पाहुण्यासारखा.

एक दिवस डेअरीत थोडं दूध उकळून पाहिलं, तर फाटलं.

"वहिनी, उद्याही असंच निघालं तर तुमचं दूध बंद," तपासणारा म्हणाला.

"पाणी तरी बरं घालावं माणसाने," रांगेतली एक बाई म्हणाली.

सुनेने मान खाली घातली. मला मान नव्हती, म्हणून मी नुसताच आंबत राहिलो.

घरी आजी सुनेला म्हणाली, "तुझ्याच हातात काहीतरी आहे. नाहीतर गायीला नजर लागलीय."

गाय रवंथ करत होती. तिने खुलासा केला नाही.

सुनेने झाकण उघडलं, मला नाकाशी नेलं आणि आजीपुढे धरलं. "आई, वास घ्या."

आजीने घेतला. तिचे डोळे पाणावले, पण आठवणीने नव्हे.

"यातून कधी केस तरी गेला का दुधात?"

"केस नाही गेला, आई. बाकी सगळं गेलं."

"माझ्यामुळे फाटतं का गं दूध?" आजोबांनी खाटेवरून विचारलं. पायजमा मूळचा त्यांचाच ना.

सुनेने नवं फडकं उकळून वाळवलं. झाकण दोरीने आवळलं. कॅन खडखडू नये म्हणून मला बुडाखाली घातलं. दुसऱ्या दिवशी आजीही डेअरीत आली. दूध उकळलं, फाटलं नाही. सून सुस्कारा टाकून वळली, पण आजी रांगेसमोरच उभी राहिली.

"पाणी नव्हतं त्यात," ती म्हणाली. "फडकं घाण होतं. आणि ते माझं होतं."

मित्रांनो, दूध गाळायचं फडकं रोज उकळा, उन्हात कडकडीत वाळवा आणि त्याने दुसरं काही पुसू नका. आजी निदान बोलली. आम्ही फडकी शेवटपर्यंत गप्प बसतो.