सह्यांना पाठ देणारा पोळपाट

मित्रांनो, मी सागवानी पोळपाट. तीन पायांचा, मधोमध जरा झिजलेला. नागपूरच्या एका सुताराने मला घडवलं आणि प्रतिमाताईंच्या आईने लुगड्यात गुंडाळून लेकीबरोबर अमेरिकेला धाडलं. मिशिगनमधल्या नोव्हायच्या घरात रोज माझ्या अंगावर कणकेचे चांद उगवायचे. मग दुकानात तयार पोळ्या मिळू लागल्या आणि मी कपाटामागे गेलो.

यंदा ताईंनी मला पुन्हा बाहेर काढलं. राज्याच्या विधिमंडळात दोन सभागृहांऐवजी एकच असावं आणि मतपत्रिकेवर उमेदवारापुढे पक्षाचं नाव नसावं, अशी काही लोकांची मागणी होती. नेब्रास्कात मतदारांनी फार पूर्वीच सह्या गोळा करून, मग मतदान करून हे घडवलं आहे. इथेही आधी पुरेशा मतदारांच्या सह्या हव्या होत्या. किराणा दुकानासमोरच्या वाऱ्यात पुठ्ठ्यावर कागद टिकेना, तेव्हा ताईंनी तो चिमटे लावून माझ्यावर बसवला.

शेवटच्या दिवशी त्यांची मैत्रीण नीलांबरी आली. तिने सही केली आणि खालच्या ओळीत नवऱ्याचीही ठोकून दिली.

"अगं, हे काय?"

"राजेश गाडी पार्क करतोय. त्याच्या सगळ्या सह्या मीच करते!"

"नीलू, ही नाही चालायची. ज्याची त्यानेच करायची." ताईंनी ती ओळ खोडली.

"काय यार, ताई! आमच्यावर विश्वास नाही?" नीलांबरी फुरंगटली.

ताईंनी कागदाचा चिमटा पुन्हा घट्ट बसवला. जुनी मैत्री होती. पण एक खोटी सही निघाली, तर खऱ्या सह्यांवरही संशय आला असता.

तेवढ्यात राजेश आला. त्याने कागद नीट वाचला.

"ताई, मी नाही करणार सही. एका सभागृहाने घाई केली, तर दुसरं अडवतं. मला दोन्ही हवीत."

नीलांबरी त्याच्याकडे वळली. "घरी कधी बोलला नाहीस!"

"तू कधी विचारलंस?"

ताई हसल्या. "एक माणूस, एक मत. आपल्याकडे भारतात हे पाळण्यातच शिकवतात."

खोडलेल्या ओळीसकट कागद निवडणूक कार्यालयात वेळेत पोचला. पुढचं मतदार ठरवतील. संध्याकाळी नीलांबरी ताईंच्या ओट्यापाशी उभी राहून माझ्यावर पोळ्या लाटू लागली.

"राजेशला दोन वाढा हं, ताई! त्याला सगळंच दोन-दोन लागतं!"

मित्रांनो, जुनं लाकूड पुसून, कोरडं करून ठेवा. ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. आणि एवढं ध्यानात असू द्या: पोळी दुसऱ्यासाठी लाटता येते, सही नाही.