रुमाल टाकलेली जागा

बीडच्या स्टँडवर गाडी लागली की आधी खिडकीतून सीटवर रुमाल पडतो. रुमाल म्हणजे माणूसच. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. हीच सवय सहकारी दूध संघाच्या सर्व्हरमध्ये शिरली आणि तिथे संघाचा कॉम्प्युटर सांभाळणारा उत्तरेश्वर अडकला.

दुष्काळात संघाने साठ चारा छावण्या काढल्या होत्या. प्रत्येकीने रोज बाराच्या आत जनावरांची हजेरी बीडला पाठवायची; नाही आली तर उद्या चाऱ्याची गाडी नाही. सर्व्हरला एका वेळी चाळीसच लाईनी झेपत. बहुतेक छावणीवाले सकाळीच लाईन जोडत, हजेरी पाठवत आणि लाईन तशीच धरून चहाला जात. सोडली आन् परत न्हाई भेटली तर? गप्प बसलेली लाईन दहा मिनिटांत आपोआप तुटावी, अशी सोय उत्तरेश्वरने मुळात केली होती. पण माशी शिंकली: तुटली ती नेमकी अध्यक्ष सुंदररावांच्या गावची.

"कुणाचीबी लाईन तोडायची न्हाई," सुंदरराव गरजले. "तोडली तर तुजी नोकरी तुटंल बे!"

उत्तरेश्वरने सोय काढून टाकली.

आज साडेअकराला मांजरसुंब्याजवळच्या छावणीवरून मुक्ताबाईंचा फोन आला. "भाऊ, सकाळी लाईट गेलती, मशीन बंद पडली. आता लाईनच लागंना. तीनशे बारा जनावरं हायेत माज्याकडं."

पडद्यावर चाळीसच्या चाळीस जागा भरलेल्या. बोलत होत्या चारच. एखादी गप्प लाईन तोडावी तर नोकरी जाणार, न तोडावी तर तीनशे बारा तोंडं उपाशी. त्यात उत्तरेश्वरच्या आईच्या, छबुबाईंच्या, दोन गाई त्याच छावणीत बांधलेल्या. घरचं पाहिलं, असं अख्खा संघ म्हणणार. इकडे आड, तिकडे विहीर. यंदा दोन्ही कोरडे, तरी माणूस अडकायचा तो अडकतोच.

त्याने परवानगीसाठी सुंदररावांना फोन लावला. एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी त्यांच्या ड्रायव्हरने उचलला. "साहेब कपिलधारला दर्शनाला गेलेत. थांबा जरा."

थांबता थांबता अकरा पंचावन्न झाले. मग उत्तरेश्वरला कंडक्टर आठवला. तोही रुमाल उचलत नाही, आधी ओरडून विचारतो, कुणाचा म्हणून. उत्तरेश्वरने साऱ्या लाईनींना एकदम हाक दिली. एकोणचाळीस मशिनींनी "हाय" म्हटलं. माणूस चहाला गेला तरी मशीन ओ देतेच. एकच लाईन गप्प राहिली.

त्याने नाव पाहिलं. मुक्ताबाईंचीच होती ती, सकाळची. वीज गेली तेव्हा मशीन न सांगताच मेली, आणि सर्व्हर बिचारा अजून तिची जागा धरून बसला होता.

त्याने ती तोडली. "लावा बाई, लवकर!"

लाईन लागली. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर एकेक करून येऊ लागले. दोनशे चार झाले आणि बारा वाजले. यादी आपोआप मिटली. तीही सोय उत्तरेश्वरनेच केलेली, आणि अर्धी हजेरी ती धरत नसे.

"गेलं का भाऊ?"

"न्हाई, बाई." त्याला स्वतःची शरम वाटली.

"मंग आता जागा कुणाची काढून दिली मला?"

"तुमचीच व्हती. सकाळची."

फोनमध्ये गाई हंबरत होत्या.

"माजीच काढायची व्हती," मुक्ताबाई म्हणाल्या, "तर इतका येळ इचारत कुणाला व्हता?"

फोन दोघांनीही ठेवला नाही.