सफर क्लबातली सोयरीक

पिंकीनं फोनवर ‘सपर क्लब’ म्हटलं आणि सुशीलाबाईंनी ‘सफर क्लब’ ऐकलं. जन्म गेला स्टेशनामागच्या गुढियारीत, नवरा रेल्वेत. सफर म्हटलं की त्यांचे हात आपोआप पुऱ्या लाटायला लागत. पिंकीची सोयरीक आज ठरायची होती. मुलगा सौमित्र आणि त्याची आई शर्मिष्ठाबाई तिथंच भेटणार होते. तेव्हा पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं आणि दोन चादरी भरून सुशीलाबाई रिक्षानं शंकर नगरात पोचल्या.

पाहतात तर काय, कुठली गाडी न् कुठलं काय. मखमली पडदे, भोंग्याचा ग्रामोफोन, गळ्याला बो बांधलेले वेटर. चमचमता गाऊन घातलेली एक बाई जुनी गाणी म्हणत होती आणि जोडपी नाचत होती.

“आई, ये क्या उठा लाई?” पिंकी कुजबुजली.

“तूच त म्हणे, सफर क्लब. मले वाटलं, गाडीत बसवून जेवू घालत असतीन.”

“सपर, आई. मतलब रात का खाना.”

“मंग जेवण म्हणाचं ना. जेवणाले सफर काहून म्हणून राहिली?”

टेबलाशी शर्मिष्ठाबाई रेशमी साडीत ताठ बसल्या होत्या. हसणं नाही, हलणं नाही. सुशीलाबाईंनी पिशवी खुर्चीखाली सरकवली, पण लोणच्याचा वास काही सरकेना. शर्मिष्ठाबाईंनी नाक उडवलं. झालं, आपल्या पुऱ्यांपायी पोरीचं लग्न मोडणार, या विचारानं सुशीलाबाईंना रडू यायला लागलं. समोर भल्यामोठ्या ताटलीत बटाट्याची एक चकती आली.

इतक्यात सौमित्रनं आईला नाचायला बोलावलं.

“मी इथंच बरी,” शर्मिष्ठाबाई म्हणाल्या आणि टेबलाचा पाय पायांत आणखी घट्ट धरला.

जाता-येता अडचण नको म्हणून वेटरनं त्यांच्या पायाजवळची बॅग ओढली. बॅगेबरोबर टेबल सरकलं, ग्लास आडवे झाले. त्यानं वाकून पाहिलं. बॅग साखळीनं टेबलाच्या पायाला बांधली होती आणि साखळीला कुलूप होतं.

शर्मिष्ठाबाई लालबुंद झाल्या. “पोट्ट्यानं सफर म्हटलं. गाडीत बांधतो तशी आल्या आल्या बॅग बांधून टाकली. मंग समजलं, अन् सोडाची लाज वाटे.”

सुशीलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. “काय आणलं?”

“मेथीचे पराठे. जवसाची चटणी.”

“विहीणबाई,” सुशीलाबाई म्हणाल्या, “आधी कुलूप काढा.”